जुना छोटा कॅम्पर विकत घेताना: अवस्था कशी तपासावी आणि किंमत कशी ठरवावी

नाशिक परिसरात जुन्या मॅटाडोर, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा ओमनीमध्ये पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तयार केलेला छोटा कॅम्पर विकायला निघाला, की तो पाहायला आलेला माणूस बहुधा सरळ आत शिरतो. गादीवर बसून पाहतो, ओट्याचा नळ सोडतो, छतातले दिवे लावून बघतो आणि मनातल्या मनात भंडारदऱ्याच्या काठावर मुक्कामही करून येतो. त्यानंतर इंजिन सुरू करून ऐकले जाते, टायरांकडे ओझरती नजर टाकली जाते आणि कागदपत्रांची खरी चौकशी व्यवहार ठरल्यावर होते. माझ्या मते हा क्रम पूर्णपणे उलटा हवा. आधी कागदपत्रे, मग पत्रा आणि चासी, मग इंजिन व ब्रेक, आणि आतले घर सगळ्यांत शेवटी. आतले सामान सुतार थोड्या दिवसांत नवे करून देतो आणि इंजिनही चांगला मिस्त्री बांधून देतो. चासी सडली असेल किंवा गाडीतला बदल आरसी बुकात नोंदलेलाच नसेल, तर मात्र ते निस्तरायला गाडीच्या किमतीहून जास्त खर्च येऊ शकतो आणि काही वेळा ते निस्तरताच येत नाही.

परदेशात अशा गाडीचे मोल ठरवणे तुलनेने सोपे असते. जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनवर वेस्टफालिया ही कंपनी १९५१ पासून कॅम्पर बांधू लागली. त्यामुळे अमुक सालच्या गाडीत कोणते कपाट होते, छत कसे उघडत होते आणि कोणता भाग मूळचा आहे, हे ताडून पाहण्याची सोय आहे. आपल्याकडचे बहुतेक जुने कॅम्पर कोणत्या तरी वर्कशॉपमध्ये, मालकाच्या आवडीनुसार, एकेकटे बांधलेले असतात. दोन सारख्या गाड्या सापडत नाहीत आणि म्हणून ठरलेला बाजारभावही नसतो. प्रत्येक गाडीचा हिशोब खरेदीदाराला स्वतःच मांडावा लागतो, आणि त्यासाठी मूळ गाडी कोणती आहे हे नीट कळायला हवे.

मॅटाडोर बजाज टेम्पोने १९६९ मध्ये जर्मनीच्या हॅनोमाग व्हॅनच्या आराखड्यावर आणली. तिची ओढ पुढच्या चाकांना आहे, त्यामुळे मागे लांब शाफ्ट नाही आणि आतली जमीन खाली व सपाट आहे. कॅम्परसाठी ही मोठी सोय आहे. मात्र तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. इंजिनाचे भाग खटपट करून मिळतात किंवा बनवून घेता येतात, पण पुढची काच, दारांचे रबर, दिव्यांच्या चौकटी आणि दारांचे पत्रे मिळवताना दमछाक होते. टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवरून आली, तिची ओढ मागच्या चाकांना आहे आणि ती दीर्घकाळ बनत राहिली, त्यामुळे तिचे भाग आणि तिचे काम जाणणारे मिस्त्री दोन्ही सहज सापडतात. बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, त्यामुळे आरसी बुकात जुने नाव दिसले तर गडबडण्याचे कारण नाही. ओमनी १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असलेली ही गाडी फार तर दोघांच्या झोपण्यापुरती आहे, पण तिचा प्रत्येक भाग जवळपास कुठेही मिळतो. दोन गाड्या सारख्याच अवस्थेत असतील, तर ज्या गाडीचे भाग मिळतात तिला जास्त पैसे द्यावेत, मग दुसरी कितीही देखणी असो.

यानंतर गाडीचा पूर्वेतिहास विचारावा. कॅम्पर होण्यापूर्वी ही गाडी काय करत होती, या प्रश्नाच्या उत्तरात निम्मी तपासणी होऊन जाते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो किंवा द्राक्षांचे क्रेट नेणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षे फळांचे पाणी जमिनीवर गळलेले असते, त्यामुळे तिचा तळाचा पत्रा आतून खाल्लेला असण्याची शक्यता मोठी. रुग्णवाहिका म्हणून चाललेली गाडी किलोमीटरने कमी असली, तरी थंड इंजिनावर एकदम पळवलेली आणि तासन्‌तास जागेवर चालू ठेवलेली असते. शाळेची गाडी सावकाश चाललेली असते, पण तिचे दार, पायऱ्या आणि क्लच झिजलेले असतात. मुंबईत किंवा कोकणात राहिलेल्या गाडीला खाऱ्या हवेचा त्रास झालेला असतो. नाशिक शहराची हवा त्या मानाने कोरडी, पण इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर या बाजूला पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो. एखाद्या शेतघरात झाडाखाली पावसाळेच्या पावसाळे उभी राहिलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत असू शकते. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. अनेक जुन्या मीटरमध्ये पाचच आकडे असतात आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाच्या सीटची चौकट जास्त खरे सांगतात.

कागदपत्रे

आरसी बुकात पाच गोष्टी पाहाव्यात: चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, वाहनाचा वर्ग, आसनसंख्या आणि नोंदणीची मुदत. चासी क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष शोधून, त्यावरचा गंज हलक्या हाताने पुसून, एकेक अक्षर ताडून घ्यावे. त्या जागेच्या आसपास वेल्डिंगचे किंवा ग्राइंडरचे डाग दिसले तर तिथूनच परत फिरावे. जुन्या गाडीत इंजिन बदललेले असणे नवलाचे नाही, पण बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओकडे झालेली असली पाहिजे.

वाहनाचा वर्ग ही सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी बाब आहे. ट्रॅव्हलर आणि मॅटाडोर मुख्यतः व्यावसायिक वाहने म्हणून नोंदल्या जात. अशा वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो आणि ते खासगी वापरासाठी घ्यायचे तर वर्ग बदलून घ्यावा लागतो. खासगी वापराचा कॅम्पर हा आपल्या नियमांत बिगर-व्यावसायिक वाहनांचा मान्य प्रकार आहे, त्यामुळे रीतसर नोंद झालेली गाडी असू शकते आणि ती मिळाली तर तिला खरोखर जास्त किंमत द्यावी. पुष्कळ गाड्यांच्या आरसी बुकात मात्र अजून मालवाहू किंवा प्रवासी वाहन असेच लिहिलेले असते आणि आत स्वयंपाकघर असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेतील बदलाला परवानगी आणि नोंद लागते. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंद नसलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा अडवून ठेवायला ही एकच गोष्ट पुरते.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी, गाडी तपासणीला नेऊन, ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाड्यांना पर्यावरण कर आहे. मुदत संपून गेली असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये, असाही आकार केंद्रीय नियमांत आहे. म्हणजे चार वर्षे मुदत उलटलेल्या गाडीवर केवळ उशिराचेच २४,००० रुपये चढतात. विक्रेता हे 'किरकोळ काम' म्हणून सांगतो. ते किरकोळ असेल तर त्याने ते विक्रीपूर्वी करून द्यावे, असा आग्रह धरावा.

दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांचा पत्रा कधी कधी उत्तम असतो, हे मान्य. पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक हे सारे पूर्ण होईपर्यंत ती गाडी आपल्या नावावर होत नाही, आणि हा खर्च किमतीतून वजा करायचा असतो.

'व्हिंटेज' या शब्दाला भाळून जास्त पैसे देऊ नयेत. जुलै २०२१ पासून केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनाची व्याख्या आली आहे. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि तिची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, २०,००० रुपये शुल्क भरून दहा वर्षांची नोंदणी होते आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. खिडक्या कापून, छत उंच करून बनवलेला कॅम्पर या व्याख्येत बसवणे फार अवघड आहे. तो जुना आहे, हौसेचा आहे, त्याच्यावर जीव जडावा असाही असेल, परंतु कायद्याच्या अर्थाने व्हिंटेज म्हणून वाढीव किंमत मागण्याचा आधार त्याला नाही.

पत्रा, चासी आणि ओल

गाडी दुपारच्या उन्हात आणि धुण्याआधी पाहावी. ओल्या, नुकत्या पुसलेल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही. चटई, सतरंजी, प्लायवूडची जमीन जिथे उचलता येईल तिथे उचलायला सांगावी. विक्रेता याला नकार देत असेल तर जमिनीखाली सडका पत्रा आहे असेच समजून हिशोब करावा. मऊ कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक सोबत न्यावे. दारांचे खालचे काठ, चाकांवरच्या कमानी, पायऱ्या आणि खिडक्यांच्या खालच्या कडा इथे ते फिरवावे. चुंबक चिकटत नसेल किंवा सैल चिकटत असेल, तर तिथे रंगाखाली जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे किंवा फायबर लावलेले आहे. दारावरच्या एखाद्या पोच्यावर थोडी लांबी असणे क्षम्य आहे. कमानीपासून पायरीपर्यंत सलग लांबी असेल तर तो पत्रा आता पत्रा राहिलेला नाही.

मग गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यावी. अंबड-सातपूरच्या औद्योगिक भागात ही सोय असलेली गॅरेज मिळतात आणि त्यासाठी द्यावे लागणारे पैसे या संपूर्ण व्यवहारातले सर्वांत उपयोगी पैसे असतात. खालून पाहताना चासीचे दोन्ही लांब पट्टे, त्यांना जोडणारे आडवे भाग, मागच्या पाट्यांचे (पट्टीच्या स्प्रिंगांचे) शॅकल म्हणजे दुवे जिथे बसतात ती जागा आणि स्टिअरिंगचा खोका जिथे बोल्ट केलेला असतो ती जागा, एवढ्यावर लक्ष एकवटावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, तर आतून पोखरलेले बद्द आवाज देते. वरवरचा तांबूस गंज घासून रंगवता येतो. पापुद्रे सुटणारा, बोटाने मोडणारा गंज वेगळा असतो, त्यावर वेल्डिंग धरत नाही. ताजा काळा रंग खालून सर्वत्र फासलेला असेल तर त्याच्याखाली काय आहे हे विचारण्याचा पूर्ण हक्क खरेदीदाराला आहे. मॅटाडोरसारख्या पुढच्या ओढीच्या गाडीत चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांवरची रबरी आवरणे फाटली आहेत का, हेही पाहावे, कारण आवरण फाटले की माती आत जाते आणि सांधा खटखटू लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली तर तो आवाज ऐकू येतो.

कॅम्परचा खरा शत्रू गंजाइतकाच पाणी हा आहे, आणि ते बहुधा वरून येते. मूळ गाडीला छतावर भोके नसतात. कॅम्पर करताना पंख्यासाठी, सौर पॅनेलसाठी, कॅरिअरसाठी छत भोसकले जाते आणि प्रत्येक भोक सिलिकॉनच्या भरवशावर राहते. उन्हाळ्यात तापणारा आणि हिवाळ्यात गार पडणारा पत्रा पसरतो-आक्रसतो, आणि काही वर्षांत सिलिकॉन सुटते. पाणी आत शिरून पत्रा आणि प्लायवूड यांच्यामधल्या थर्माकोलमध्ये किंवा फोममध्ये अडकते, बाहेर पडत नाही आणि वर्षभर शांतपणे पत्रा खात राहते. म्हणून छतावर पाईपने निदान १५ ते २० मिनिटे पाणी मारावे आणि दुसऱ्या माणसाने आत बसून टॉर्चने कोपरे पाहावेत. प्लायवूडवर बोटांच्या पेरांनी ठोकावे, खिडकीखाली अंगठा दाबून पाहावा. लाकडातला ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळत असेल तर सर्व भिंतींवर टोचून पाहावे. साधारण १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर चिंता नाही, २० टक्क्यांच्या वर सलग दिसला तर लाकूड कुजण्याच्या वाटेवर आहे. आत शिरताच उदबत्तीचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा दाट वास आला, तर दारे बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवावी आणि पुन्हा आत जावे. ओल असली तर तिचा कुबट वास त्या सुगंधाखालून वर येतोच.

इंजिन, ब्रेक आणि घाट

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे, की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर पहिल्यांदा रेडिएटरला हात लावावा. तो कोमट असेल तर गाडी मुद्दाम गरम करून ठेवलेली आहे, आणि थंडीत उशिरा सुरू होणाऱ्या जुन्या डिझेलची खोड लपवण्याचा हाच सोपा उपाय असतो. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गाडी पाहावी. नाशिकचा पारा तेव्हा दहा अंशांच्या खाली जातो आणि थकलेले इंजिन, कमकुवत हीटर प्लग व म्हातारी बॅटरी तिघेही एकदमच उघडे पडतात.

धुराचा अर्थ असा आहे. सुरुवातीचा पांढरा धूर एक-दोन मिनिटांत विरला तर ठीक, गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. चढावर किंवा एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर दिसला तर बहुधा इंजेक्टर, पंप किंवा चोंदलेला एअर फिल्टर यांपैकी काहीतरी असते आणि ते तुलनेने कमी खर्चात सुटते. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तिथून जोराने वाफारा येत असेल तर त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्याची ती खूण आहे आणि इंजिन बांधण्याचा खर्च जवळ आला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात आहे. पेट्रोल ओमनीत इंधनाच्या रबरी नळ्या अवश्य पाहाव्यात, कारण आता पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी त्या काळचे रबर बनवलेलेच नव्हते. नळ्या कडक झाल्या असतील किंवा तडकल्या असतील तर बदलण्याचा खर्च फार नाही, पण न बदलल्यास सीटखालच्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते.

ब्रेकची पहिली परीक्षा सपाट, रिकाम्या रस्त्यावर घ्यावी. पॅडल एका दाबात धरले पाहिजे, स्पंजासारखे खाली जाता कामा नये आणि गाडी एका बाजूला ओढता कामा नये. यात ती उत्तीर्ण झाली, तरच घाटाचा विचार करावा. नाशिकच्या खरेदीदाराला कसारा घाटासारखी परीक्षेची जागा घराजवळ मिळाली आहे. इगतपुरीहून उतरताना ब्रेक तापल्यावर किती धरतात ते कळते आणि परत चढताना इंजिन, क्लच व रेडिएटर यांची एकत्र परीक्षा होते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट घसरते आहे. तापमानाचा काटा मध्याच्या वर चढत राहिला आणि उभे राहिल्यावरही उतरला नाही, तर रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो. चढून आल्यावर, गरम इंजिन मंद चालू असताना ऑइल प्रेशरचा काटा किंवा दिवा पाहावा. थंडीत छान दिसणारे प्रेशर इथे कोसळले तर बेअरिंगा झिजल्या आहेत. ही चाचणी अर्ध्या दिवसाची आहे आणि विक्रेत्याला डिझेलचे पैसे आपण द्यावेत, यात मला काही गैर वाटत नाही.

टायरांच्या नक्षीपेक्षा त्यांचे वय महत्त्वाचे आहे. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१६ असलेला टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कॅम्पर फार चालत नाही, उभाच राहतो, त्यामुळे नक्षी नव्यासारखी आणि रबर तडकलेले, असे नेहमी आढळते. असे टायर हिशोबात शून्य धरावेत.

वजन, वीज आणि गॅस

छोट्या कॅम्परचे वजन हा विषय विक्रेते बोलत नाहीत आणि खरेदीदार विचारत नाहीत, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक प्लायवूड शीट साधारण ३० ते ३५ किलोंची असते. आठ शीट वापरल्या तर २५० किलो तिथेच झाले. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो. घरगुती इन्व्हर्टरची एक मोठी बॅटरी सुमारे ५० किलो. त्यावर सिलिंडर, फ्रिज, गाद्या, भांडी, छतावरचे पॅनेल आणि चार माणसे. ओमनीसारख्या हलक्या गाडीत हा हिशोब फार लवकर हाताबाहेर जातो. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि कमाल एकूण वजन लिहिलेले असते. टाकी भरून, सामान ठेवून गाडी वजनकाट्यावर न्यावी, आधी पूर्ण आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. कमाल वजनापर्यंत माणसांपुरतीही जागा उरली नसेल, तर त्या गाडीचे ब्रेक, पाटे आणि टायर रोज मर्यादेपलीकडे काम करत आहेत. अशा वेळी आतले सुंदर, जड सागवानी काम ही गाडीची उणी बाजू ठरते आणि किंमत त्यामुळे घटली पाहिजे. सगळे वजन एका बाजूला, विशेषतः टाकी आणि बॅटरी दोन्ही एकाच कडेला असतील, तर गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहावी. कललेली गाडी डोळ्यांना लगेच दिसते.

वायरिंगमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बारा व्होल्टवर तेच काम करायला घरच्या विजेपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर लागतात. ६०० वॉटच्या वापराला ५० अँपिअर. त्यासाठी घरातल्या पंख्याची बारीक वायर वापरलेली असेल, तर ती तापते आणि प्लायवूडच्या मागे तापते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे का, वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे आहे का आणि टेप गुंडाळलेले जोड किती आहेत, हे पाहावे. बॅटरी काही तास न वापरता ठेवून व्होल्टमीटर लावला आणि १२.६ च्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला पाहिजे. पाणी भरायची इन्व्हर्टर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती पलंगाखाली बंद खोक्यात, बाहेर नळी न काढता ठेवलेली असेल, तर हा दोष गाडी घेतल्याच्या दिवशीच दूर करायचा आहे.

गॅसची तपासणी करताना नाकाबरोबर जमिनीकडेही पाहावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून बंद आणि तळाशी बाहेर उघडणाऱ्या जाळीचा हवा. सिलिंडर पट्ट्याने बांधलेला हवा. रबरी नळीवर छापलेली तारीख पाहावी, कारण गॅस कंपन्या पाच वर्षांनी नळी बदलायला सांगतात. साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासावा. पाण्याचा पंप, नळ, पडदे, फर्निचरच्या बिजागऱ्या यांवर वेळ घालवू नये, ती बाजारातून आणून बसवण्याची कामे आहेत.

किंमत

हिशोब दोन टोकांच्या मध्ये बसतो. खालचे टोक म्हणजे भंगाराची किंमत, त्याखाली कोणीच विकणार नाही. वरचे टोक म्हणजे त्याच सालची, चांगल्या अवस्थेतली, आत काही न बांधलेली साधी गाडी नाशिकमध्ये आज ज्या किमतीला जाते ती, अधिक आतल्या कामाचे उरलेले मोल. या वरच्या आकड्यातून दुरुस्तीचा आणि कागदपत्रांचा खर्च वजा करायचा.

आकडे कल्पित घेऊन दाखवतो. समजा, १९९८ ची ट्रॅव्हलर आहे आणि साडेचार लाख सांगितले आहेत. तशीच चांगली साधी गाडी तीन लाखांना मिळते असे धरू. आतल्या कामावर मालकाने तीन लाख खर्च केले, पण त्यातले जसेच्या तसे आपण वापरू असे सामान आजच्या हिशोबाने ९०,००० रुपयांचे आहे. बेरीज ३,९०,००० रुपये. तळाचे पत्राकाम ४०,०००, टायर ३५,०००, ब्रेक आणि क्लच ३०,०००, नवे वायरिंग २०,०००, नोंदणी व कर २५,०००, असे १,५०,००० रुपये दुरुस्तीला. जुन्या गाडीत उघडल्यावर नेहमी आणखी काही निघते, म्हणून त्याचा चौथा हिस्सा, ३७,५०० रुपये, जास्तीचे धरावेत. उरले २,०२,५०० रुपये. विक्रेत्याची आणि आपली किंमत दुपटीहून लांब आहे, आणि हा फरक भांडणाचा नाही. विक्रेता खर्च केलेले तीन लाख मोजतो, आपण उरलेले ९०,००० मोजतो. हिशोबाचा कागद त्याच्यासमोर ठेवावा. त्याला तळाचा पत्रा आधीच माहीत असेल तर तो कागद वाचून खाली येतो, नसेल तर त्याच्या सोबत पुन्हा खड्ड्यावर जावे.

एका युक्तिवादाबद्दल सावध राहावे. २०२७ च्या सिंहस्थाचे नाव घेऊन, अशा गाड्या भाड्याने देऊन पैसे वसूल होतील, असे सांगितले जाऊ शकते. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी, परवाना, फिटनेस आणि वेगळा विमा लागतो. ती कागदपत्रे आज हातात असतील तरच त्या उत्पन्नाचा विचार किमतीत करावा.

व्यवहार ठरला तर मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी कराव्यात, गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा, थकीत चलने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून विक्रेत्याकडून भरून घ्यावीत आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. राज्यातल्या राज्यात हस्तांतराची सूचना १४ दिवसांत द्यावी लागते, विमाही तेवढ्याच मुदतीत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. विमा काढताना आतले सर्व बदल लेखी कळवावेत आणि पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे दुरुस्तीची बिले आणि आतल्या कामाचे फोटो सोबत न्यावेत. मोबदल्यातले शेवटचे दहा-पंधरा टक्के पैसे नवे आरसी बुक हाती येईपर्यंत राखून ठेवावेत आणि तसे करारात लिहून घ्यावे.